कवळीवाल्या चाचांची फुंकर

चाचा माणसाचे नाव विचारत नसत. डॉक्टरांची चिठ्ठी आली की ती चष्म्याजवळ नेत, मागून-पुढून बघत आणि म्हणत, "नाव घेऊन काय करू मी? हा माणूस कोण्या गावचं पाणी पेते, ते कुठी लिवलं हाय?" मग डॉक्टरांना फोन जाई. डॉक्टर आधी चिडत, मग पेशंटला विचारून सांगत. गाव कळले की चाचा ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात उर्दूत लिहीत आणि मगच कामाला हात घालत.

चाचा कवळ्या बनवत. डॉक्टर तोंडाचे माप घेतात, पण दात बनवतो तो दुसराच माणूस, हे पुष्कळांना माहीत नसते. आमच्या भागात तो दुसरा माणूस म्हणजे चाचा. मेहकरच्या बसस्टँडच्या मागे त्यांची एक खोली होती. बाहेर पाटी नव्हती. लोणार, सुलतानपूर, हिवरा आश्रम इकडच्या डॉक्टरांनी घेतलेली मापे पुठ्ठ्याच्या डब्यात घालून एसटीने येत. कंडक्टर खिडकीतून हाक मारी, "चाचा, तुमचे जबडे आले!" नवीन प्रवासी घाबरून बघत. चाचा डबा कानाशी हलवत आणि आतले प्लास्टर फुटले नसेल तर कंडक्टरला सलाम करत.

पाण्याची गोष्ट अशी आहे. आमच्याकडे काही गावांत बोअरच्या पाण्याने दातांवर तपकिरी पट्टे येतात. कुठे नुसती पिवळी झाक असते, कुठे खडूचे ठिपके असतात. शेजारच्या गावात जावे तर तिथल्या लोकांचे दात स्वच्छ. कंपनीचे दात मात्र सगळे सारखे. कागदी पट्टीवर मेणाने चिकटवून ओळीने येतात आणि बाजारात मांडलेल्या बांगड्यांसारखे चमकतात. चाचांना ते तसेच्या तसे लावलेले खपत नसे. ते बारीक कुंचल्याने एकेका दातावर त्या गावची झाक चढवत. त्यासाठी त्यांनी खिडकीजवळच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी उपटलेले दात ते मागून आणत, उकळून घेत आणि गावागावाच्या बाटलीत घालत. एखाद्या गावचे काम आले की ती बाटली उजेडात धरत आणि रंग जुळवत. कोणी हसले तर म्हणत, "माणूस खोटा दात लावते, पण त्या दातानं खोटं बोलू नये."

माझी त्यांची ओळख माझ्याच दातामुळे झाली. माझे माहेर लोणार तालुक्यात. लहानपणी हापशीवर पाणी भरताना दांडा उसळून तोंडावर आला आणि समोरचा एक दात अर्धा गेला. तेव्हापासून बोलताना पदर तोंडाशी धरायची सवय लागली. तशी मी आधीपासूनच कमी बोलणारी. चौथीत शाळा सुटली, तेव्हा आता मास्तर उभे करून धडा वाचायला सांगणार नाहीत म्हणून मला बरेच वाटले होते. लग्न होऊन मेहकरला आले. नवरा गेल्यावर एका दाताच्या डॉक्टरांकडे झाडपूस करायला आणि चिमटे-आरसे धुवून उकळायला लागले. डॉक्टर भले माणूस. त्यांनी एक दिवस मला खुर्चीत बसवले आणि पैसे न घेता तो अर्धा दात काढून हाताशी असलेला कंपनीचा तयार दात बसवून दिला. पांढराशुभ्र. घरी येऊन आरशात बघितले तर बाकीच्या दातांत तो चुन्याच्या खड्यासारखा दिसत होता. पदर होता तिथेच राहिला, उलट आणखी वर गेला.

चाचा एकदा मापे न्यायला दवाखान्यात आले. मी पाणी दिले. पदर वाऱ्याने थोडा सरकला असेल. त्यांनी पेला हातात धरला आणि पाणी न पिता म्हणाले, "हा दात तुह्या गावचा नाई."

मी पदर वर ओढला.

"कोण्या गावची तू?"

मी गावाचे नाव सांगितले.

"मंग हा परदेशी तुह्या तोंडात काय करून राह्यला? काढ त्याले. आठ दिवसांनी ये."

आठ दिवसांनी गेले. त्यांनी बनवलेल्या दातावर बरोबर माझ्या शेजारच्या दातासारखा तपकिरी पट्टा होता, तोही थोडा तिरका. डॉक्टरांनी तो बसवला. त्या दिवशी भाजीवालीशी बोलताना माझा हात पदराकडे गेला नाही. पुढे गेला, नाही असे नाही, सवय लगेच जात नाही. पण तो एक दिवस मला आठवतो.

त्यानंतर काही महिन्यांनी चाचांनीच डॉक्टरांना सांगून मला आपल्या खोलीत घेतले. डॉक्टरांकडे दुसरी बाई आली. माझे काम प्लास्टर कालवण्याचे. पाणी आधी, भुकटी नंतर, आणि बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर हिरड्यावर फोड असल्यासारखी कवळी टोचते. चाचा म्हणत, "भाकरीचं पीठ मळते ना? मंग हे काऊन जमत नाई? हातात अक्कल हाय तुह्या, तोंडात नसली तरी चालते." मी बोलत नाही यावरून ते असे टोमणे मारत. मला राग येत नसे. ते एकटेच दोघांचे बोलत.

गिऱ्हाइकांशी त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असे. तसे लोक डॉक्टरांकडेच जात, पण काहीजण थेट खोलीवर यायचे. हिवरा आश्रमाकडचे एक निवृत्त मास्तर मोठ्या शहरातून कवळी करून आले. दात इतके पांढरे की नातू जवळ येईना. चाचांनी त्यांना बघितले आणि म्हणाले, "मास्तर, हे दात हायेत का दिवाळीचा चुना?" मास्तर हसू लागले तर चाचांनी हात जोडले. "हसू नोका, डोळे दिपतात." दुसऱ्या एका बाईने नवऱ्याची कवळी दुधाच्या भांड्याबरोबर उकळत्या पाण्यात घातली. स्वच्छ व्हावी म्हणून. ती वाकडी होऊन आली. बाई रडकुंडीला आलेली. चाचांनी कवळी हातावर ठेवून तिला शांतपणे सांगितले, "बाई, नवऱ्याले उकळलं तरी तो सरळ होत नाई, मंग कवळी कशी होईन? साध्या पाण्यात भिजू द्यायची. घासायची साबणानं." आणि तिच्याकडे निरखून बघत, "तू मिश्री लावून राह्यली ना? लाव. सोडू नोको. दोन वर्षांत तुह्यीबी कवळी मीच करीन." ती बाई पुढे भेटली तेव्हा म्हणाली, त्या एका वाक्याने मिश्री सुटली. शेजारणी ओरडून थकल्या होत्या.

आता त्यांच्या फुंकरीबद्दल. साच्यात उकळून कवळी तयार झाली की ती घासावी लागते. बारीक मोटारीला दगडाचे टोक लावायचे आणि कडा उतरवायच्या. मग कापडाच्या चाकावर, पाय घासतात त्या झाव्याच्या दगडाची पूड लावून चकाकी आणायची. काही कवळ्यांना आतून धातूची जाळी असते, तीही घासायची. प्लास्टर कापायचे. सगळ्याची धूळ. दोन-तीन वेळा घासले की दाताच्या फटीत धूळ साचते आणि पुढचे दिसत नाही. तेव्हा चाचा कवळी तोंडाजवळ नेत आणि फुंकर मारत. बारीक, तिरकी, नेमकी. ओठ अगदी थोडे उघडायचे आणि धूळ त्या एका फटीतून निघून जायची. घास, फुंक, घास, फुंक, असे दिवसभर. मला खोलीच्या बाहेर उभे राहूनही कळे की ते कुठल्या दातावर आहेत. दाढा असल्या की फुंकर लांब, पुढचे दात असले की आखूड. संध्याकाळी त्यांच्या भुवया आणि दाढी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या होत.

डॉक्टरांनी मास्कचा डबा दिला होता. तो खिळ्याला टांगलेला असे. एकदोनदा मी काढून दिला तर म्हणाले, "मास्कात फुंकर कोंडते. दिसत नाई मले मंग." हे खरे होते. मास्क लावून फुंकता येत नाही आणि न फुंकता घासता येत नाही. म्हणून मास्क खिळ्यालाच राहिला. मला मात्र ते मोटार चालू असताना दाराबाहेर पाठवत. "तुले इथं उभी राहाची काही गरज नाई. जाय, चहा सांग."

खोकला कधी सुरू झाला ते मला नेमके सांगता येत नाही. आधी थंडीत यायचा. मग उन्हाळ्यातही राहिला. मी विचारले तर म्हणत, "खोकला मुसाफिर हाय. येते अन् जाते." पण तो मुसाफिर मुक्कामाला राहिला होता. चाचांनी एक युक्ती केली होती. कोणी आले आणि खोकला येतोसे वाटले की ते मोटार चालू करत आणि तिच्या आवाजात खोकून घेत. मला हे कळले, कारण मोटार चाले तेव्हा त्यांच्या हातात घासायला काही नसे.

लपवायचे कारण होते. डॉक्टरांनी एकदा सहज म्हटले होते, "चाचा, अकोल्याला आता संगणकावर दात बनवतात. तब्येत साथ देत नसेल तर सांगा, मी काम तिकडे पाठवीन." त्यांनी काळजीनेच म्हटले होते. चाचांनी ते धमकीसारखे धरले. खोलीवर आल्यावर मला म्हणाले, "ऐकलं ना? खोकला हाय म्हनलं की ही खोली गेली. माह्यंबी काम गेलं, तुह्यंबी गेलं. अन् त्या संगणकाले इचार, या गावचं पाणी कसं असते ते." मग बोट दाखवून म्हणाले, "कोणाजवळ बोलायचं नाई." मी मान हलवली. न बोलणे मला कधीच कठीण नव्हते.

त्याच वर्षी दातांच्या कॉलेजातून एक तरुण मॅडम आल्या. दातांचे काम करणाऱ्या लोकांच्या तब्येतीचा त्या अभ्यास करत होत्या. डॉक्टरांची मान आणि पाठ, मदतनीस बायांचे हात, कवळी करणाऱ्यांची छाती. जिल्ह्यातल्या अशा सगळ्या खोल्यांत त्या फिरत होत्या. हातात छापील कागद होता. चाचांनी स्टूल पुसून दिले, चहा मागवला आणि बाटल्या दाखवल्या. मॅडम बाटल्या बघून एवढ्या खूश झाल्या की प्रश्न विचारायचे विसरल्या. मग आठवण होऊन विचारू लागल्या.

"किती वर्षं हे काम करता?"

"दाढी काळी होती तवापासून."

"मास्क वापरता का?"

"हाव. तो काय, टांगला हाय."

"गेल्या तीन महिन्यांत खोकला, धाप?"

"खोकला?" चाचांनी असे तोंड केले जणू कोणी त्यांना चोर म्हटले. "तो लोकायले होते मॅडम. मले त्याच्यासाठी सवड नाई."

मॅडम हसल्या आणि त्यांनी 'नाही' वर खूण केली. त्या निघाल्या तेव्हा मी बाहेर नळावर पेले धूत होते. त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, चाचांना खरंच खोकला नाही ना?"

मी पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. माझ्यासारखी बाई खोटे बोलेल असे त्यांना वाटले नसावे. मी एक शब्दही बोलले नव्हते, तरी ते खोटेच होते.

त्यानंतरच्या थंडीत खोलीत एक बदल झाला. आधी तो माझ्या लक्षात आला नाही. मग एके दिवशी दाराबाहेर उभी असताना जाणवले की नुसताच घासण्याचा आवाज येतो आहे. घास, मग शांत. घास, मग शांत. फुंकर नाही. थोड्या वेळाने चाचांनी हाक मारली, "मंगल, इकडे ये." त्यांनी कवळी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "फुंक वं जरा. माह्ये ओठ फाटले थंडीनं."

मी फुंकले. जमले नाही, सगळी धूळ माझ्याच डोळ्यांत गेली. ते म्हणाले, "अशी नाई. विस्तवावर फुंकते तशी नाई. बारीक. सुईत दोरा ओवते तशी." दोन-चार दिवसांत मला जमू लागले. मग माझे दाराबाहेर जाणे बंद झाले. ते घासत, मी फुंके. ओठ बरे झाले तरी फुंकर माझ्याकडेच राहिली. मला उलट अभिमान वाटत होता. चाचांनी आपली फुंकर मला शिकवली, असे मी मनात म्हणत असे. संध्याकाळी घरी गेले की माझ्या भुवया पांढऱ्या असत. शेजारीण म्हणाली, "काय वं, गिरणीत कामाले लागली का?"

दोन महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याकडे एक पांढरी नळी होती. तिच्यावर आकडे होते आणि एक लाल काटा. जोरात फुंकले की काटा पुढे सरकतो आणि छातीत किती दम आहे ते कळते. त्या म्हणाल्या, कागदावर सगळेच 'नाही' लिहितात, म्हणून आता हे घेऊन फिरते आहे.

चाचा म्हणाले, "आधी हिचं पाहा. हीबी इथंच काम करते."

मला पदर बाजूला करावा लागला. नळी तोंडात धरली आणि फुंकले. काटा अर्ध्याच्या पुष्कळ वर गेला. चाचा खूश झाले. "अरे वा! ही त लोहाराचा भाता निघाली. बोलत नाई म्हणून सारी हवा आत साचली असन."

मॅडम हसल्या. नळीला नवे तोंड लावून त्यांनी ती चाचांपुढे धरली. "आता तुम्ही."

"मले काम हाय," असे म्हणून चाचांनी पाठ फिरवली आणि मोटार चालू केली.

त्यांच्या हातात काही नव्हते. खांदे हलत होते. मॅडमना तो मोटारीचा हादरा वाटला असेल.

मी त्यांच्या त्या बटणाला इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. मोटार बंद झाली आणि खोकला खोलीभर ऐकू आला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. मग मी बोलले. पदर हातात होता, तोंडावर नव्हता.

"मॅडम, चाचांची फुंकर दोन महिन्यांपासून मी मारते. त्यायच्यात दम नाई. मागच्या टायमाले मी तुमच्याजवळ खोटं बोल्ली."

चाचांनी माझ्याकडे बघितले. तसे त्यांनी मला आधी कधी बघितले नव्हते, नंतरही नाही. मग नळी घेतली आणि फुंकली. काटा खालच्या दोन-तीन रेषांवर जाऊन थांबला. त्यांनी नळी बोटाने टकटक केली. "काटा अडकला हाय." मॅडमनी काटा खाली आणून पुन्हा दिली. तीन वेळा फुंकले. काटा तिन्ही वेळा तिथेच. सगळा जन्म फुंकर मारण्यात गेलेला माणूस, आणि काटा तिथेच.

मॅडमनी जुना कागद पिशवीतून काढला. 'नाही'वरची खूण खोडली आणि 'हो'वर केली. मग विचारले, "आणि ही फुंकर आता ताई मारतात? तोंडाने? रोज?"

चाचांनी नळी खाली ठेवली. ते माझ्या भुवयांकडे बघत होते.

ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ज्या माणसाचे बोलणे दिवसभर चाले तो गप्प, आणि मी तर गप्पच. खोली थंड पडली. मात्र त्या चार दिवसांत त्यांनी एकदाही कवळी माझ्यापुढे फुंकायला धरली नाही. ओल्या ब्रशने पुसून काम चालवले. पाचव्या दिवशी आले तर हातात जुन्या रिक्षाच्या भोंग्याचा रबरी फुगा होता. त्याला त्यांनी पुढे बारीक पितळी नळी बसवली होती. टेबलावर ठेवून तो दाबला. फुस् करून हवा निघाली आणि दाढांच्या फटीतली धूळ एका दमात गेली. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा. मग म्हणाले, "चाळीस वर्ष हा रस्त्यानं बोंबलून राह्यला, अन् माह्या टकुऱ्यात नाई आलं." फुगा माझ्याकडे सरकवला. खिळ्यावरचा मास्क काढला, झटकला आणि तोही दिला. "याच्यानं फुंकशीन. तोंडानं फुंकताना दिसली त हात तोडीन."

खोली गेली नाही. ज्याची त्यांनी धास्ती धरली होती ते झालेच नाही. डॉक्टरांना कळल्यावर ते स्वतः आले, रागावले आणि भिंतीत धूळ ओढणारा पंखा बसवून गेले. अकोल्याचे नाव निघाले नाही. बुलढाण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की धूळ आत बसली आहे, ती आता निघत नाही. आणखी जाऊ द्यायची नाही एवढेच हातात आहे. आधी आणले असते तर, असे ते म्हणू लागले आणि थांबले. ते वाक्य मी घरी पुरे केले. नळावर मान हलवली तेव्हापासूनचे महिने मोजले.

हे मोजणे मी चाचांना सांगितले नाही, पण त्यांना कळले असावे. एक दिवस आपणहून म्हणाले, "तू नसती बोल्ली त मी तुलेबी घेऊन बुडालो असतो." बस, एवढेच. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

पुढची दोन वर्षे ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि मी आत काम करी. घासणे, दात लावणे, रंग, सगळे त्यांनी खुर्चीवरून शिकवले. आवाज पोचत नसे तेव्हा काठी आपटत. एकदा आपटली म्हणजे चुकले, दोनदा म्हणजे फारच चुकले. बरोबर असेल तेव्हा काही आपटत नसत. बाटल्यांवरची उर्दू मला येत नव्हती. ते नाव सांगत आणि मी मराठीत चिठ्ठी डकवत असे. माझे अक्षर चौथीचे. ते म्हणत, "तुह्या अक्षराले बी जरा पॉलिश लागते."

मग त्यांचे वजन उतरले. त्यांचे स्वतःचे दात कधीच गेले होते; आता हिरड्या आकसल्या आणि त्यांची कवळी बोलताना खाली येऊ लागली. नवी करायची ठरली. डॉक्टरांनी माप घेतले, चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर नुसते नाव होते. मी ती घेऊन बाहेर खुर्चीजवळ गेले आणि विचारले, "चाचा, पाणी कोणतं लिहू?"

ते खूप वेळ हसले. हसताना धाप लागली, तरी हसले. "रोहिणखेडचं लिह्य. जन्माचं पाणी ते. बाटली पाह्य वरच्या फळीवर, कोपऱ्यात. तिच्यात माह्याच दात हाय. शेवटचा पडला तो ठेवून देला होता."

बाटलीत एकच दात होता. थोडा पिवळसर, कडेला पान-तंबाखूचा किंवा चहाचा डाग. मी तो उजेडात धरून सगळ्या दातांना तशी झाक दिली. मी केलेली ती पहिली पूर्ण कवळी. तेवढ्या दिवसांत काठी एकदाही वाजली नाही. घालून दिल्यावर त्यांनी आरसा घेतला, ओठ वर-खाली केले, जिभेने सगळ्या कडा तपासल्या. मला वाटले आता काही म्हणतील.

त्यांनी विचारले, "तोंडानं फुंकली का कुठी?"

"नाही. भोंग्यानं."

"मंग ठीक हाय."

ती कवळी त्यांनी आठ महिने वापरली. शेवटचे काही दिवस ते रोहिणखेडला, आपल्या घरी गेले. गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बसने गेले. घरात बायांमध्ये बसले. अंघोळ घालताना कवळी काढली होती. त्यांच्या सुनेने ती रुमालात बांधून मला दिली. "अब्बा बोलले होते, मंगलले द्यायची. ते तिचं काम हाय." मी ती खोलीवर आणली, धुतली आणि रोहिणखेडच्या बाटलीशेजारी ठेवली. बाटलीत ती मावत नाही.

मॅडमचा अभ्यास पुढे छापला गेला. त्यांनी फोन करून सांगितले. त्यात कोणाचे नाव नाही. आमच्या खोलीला एक नंबर आहे आणि चाचांच्या तीन फुंकरी त्यात कुठेतरी मिळवलेल्या आहेत. भोंग्याच्या फुग्याचा फोटो मात्र त्यांनी घातला आहे, असे म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात लोणारहून डबा आला. डॉक्टर नवीन आहेत, हल्लीच दवाखाना टाकलेला. चिठ्ठीवर नाव, वय, दातांचा कंपनीचा नंबर, सगळे व्यवस्थित. गाव नाही. मी दोन दिवस ती चिठ्ठी तशीच ठेवली. अनोळखी माणसाला फोन करणे मला अजून जड जाते. तिसऱ्या दिवशी केला.

"कोण बोलतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"मेहकरहून. कवळीच्या खोलीतून. तुमच्या पेशंटचं नाव आलं हाय, पण कोण्या गावचं पाणी पेतात ते नाई लिवलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "थांबा, विचारून सांगतो."